कोचच्या अंगणातली पाटी

लीरॉय डिट्झचं पत्र आलं त्याला आता दुसरा हिवाळा लागला होता, आणि एमिल व्होसिकाने अजून उत्तर पाठवलेलं नव्हतं. पत्र हरवलं म्हणावं तर तसंही नाही. स्वयंपाकघरातल्या टेबलावर मीठ-मिरपुडीच्या बाटल्यांना टेकून ते उभं असायचं, आणि एमिल त्याच्याकडे पाठ होईल अशा बेताने खुर्ची ओढून जेवायचा.

‘एमिल,’ लीरॉयने लिहिलं होतं, ‘तू आमच्या समोर राहायचास आणि पहाटे उठायचास. त्या नोव्हेंबरात आमच्या अंगणातली पाटी तीनदा कोणी उपटली ते तू पाहिलं असशील. मला कुणाशी भांडायचं नाही. आर्डिथ म्हणते, त्या माणसाला थँक्यू म्हणायचं राहून गेलं. तिची तब्येत आता जेमतेमच असते. नाव तेवढं कळव.’

प्रॉस्ना हे नेब्रास्काच्या पश्चिमेकडचं गाव. धान्याची उंच कोठी, दोन चर्च, एक शाळा. शाळेत अकरा पोरं जमायची मारामार, म्हणून इकडच्या शाळा आठ-आठ पोरांचा फुटबॉल खेळतात. बायको आर्डिथबरोबर एमिलच्या समोरच्या घरात राहून लीरॉयने त्या शाळेत बावीस वर्षं इतिहास शिकवला आणि बावीस वर्षं संघ सांभाळला. बापाला शिकवलं, मग त्याच्या पोराला शिकवलं. पण मास्तरकी वेगळी आणि कोचपण वेगळं. कोचचं नाव शाळेचं बोर्ड दर वसंतात नव्याने घेतं, किंवा घेत नाही.

आणि गावाची एक रीत होती. संघाने फारच माती खाल्ली की कुणीतरी कुठल्यातरी अंगणातली ‘घर विकणे आहे’ची पाटी रात्रीतून आणून कोचच्या अंगणात रोवायचं. सकाळी गाड्या हॉर्न वाजवत जायच्या. गाव याला थट्टा म्हणायचं. कोचला कशी वाटते, हे कुणी विचारलेलं एमिलला आठवत नव्हतं. त्यानेही विचारलं नव्हतं.

तो शाळेचा ग्रंथपाल. चारचौघांत बोलायचं म्हटलं की तो मागच्या मागे सटकायचा. पण लीरॉयच्या शेवटच्या वर्षी संघ एकही सामना जिंकला नाही, आणि नोव्हेंबरातल्या एका पहाटे समोरच्या अंगणात पाटी दिसली, तेव्हा एमिल सपाता घालून रस्ता ओलांडून गेला आणि त्याने ती उपटली. कुणी पाहत नव्हतं म्हणूनच त्याला ते जमलं. पुढच्या आठवड्यात पाटी पुन्हा आली. त्याने पुन्हा उपटली. तिसऱ्या वेळी ती घणाने ठोकल्यासारखी घट्ट बसली होती. पोरांनी यंदा फारच मनावर घेतलंय, असं म्हणत त्याने ती हलवून हलवून काढली आणि आपल्या गॅरेजमागे टाकली.

वसंतात बोर्डाने लीरॉयला कोचपदावरून काढलं, मग त्याने मास्तरकीही सोडली. एकही हात त्याच्या बाजूने वर झाला नाही. सामान ट्रकमध्ये चढत होतं. एमिल चिकटपट्टी धरून मदतीला उभा होता, तेव्हा लीरॉय खोका बांधता बांधता सहज बोलून गेला.

“ती पाटी आमचीच होती, ठाऊक आहे? खरी.”

“खरी?”

“आर्डिथचे डॉक्टर फीनिक्सला. तिची बहीण तिथे. मी राजीनामा लिहून ठेवला होता. दलालाने पाटी लावली, कुणीतरी उपटली. परत लावली, परत उपटली. शेवटी मीच घण घेऊन ठोकली, तर तीही गायब! मी चिडलो. ही मात्र खिडकीत बसून रडायला लागली. म्हणे, लीरॉय, आपण जाऊ नये असं कुणालातरी वाटतंय रे.” तो हसला. “फाडला राजीनामा. आणि आता हे. निदान आपल्या पायांनी तरी गेलो असतो.”

“हो का,” एमिल म्हणाला. त्याने चिकटपट्टीचा पुढचा तुकडा फाडून दिला.

पत्राचं उत्तर म्हणूनच अडलं होतं. ‘मी उपटली’ एवढं लिहिणं सोपं होतं. पण मग ‘थट्टा समजून उपटली’ हेही लिहावं लागलं असतं, आणि आर्डिथने जे धरून ठेवलं होतं ते तिच्या हातून काढून घेतल्यासारखं झालं असतं. तो चार ओळी लिहायचा, वाचायचा, वाक्यं पुस्तकी वाटायची, आणि कागद शेगडीत जायचा.

लीरॉयनंतर कोच येत राहिले. एक वर्षभर टिकला. दुसऱ्याला हंगाम संपायच्या आत मोठ्या शाळेने उचललं. तिसरा लांबच्या गावाहून गाडी हाकत यायचा, त्याला पोरांची नावंही धड पाठ नव्हती. मग ब्रॉडी आला. पंचविशीचा, लीरॉयच्याच जुन्या घरात भाड्याने राहणारा. त्याचाही दुसरा हंगाम वाईट गेला, आणि परवा सकाळी त्या अंगणात पुन्हा पाटी उभी राहिली.

“एमिल, तुझ्या समोरच्या घराला पुन्हा भाव आला रे!” कॅफेत नेहमी बसणारा गस ओरडला. “घेऊन टाक, पुस्तकं ठेवायला होईल.”

सगळे हसले. एमिल कॉफी अर्धी टाकून उठला. या वेळी त्याने पाटीला हात लावला नाही. ब्रॉडीचं दार वाजवलं.

“सर? या ना. काय झालं?”

“ही पाटी... खरी आहे का, एवढंच विचारायचं होतं.”

ब्रॉडीला हसू फुटलं. “मी भाडेकरू, सर. विकू काय, कुत्रा?” मग त्याचं हसू ओसरलं. “राहू द्या ती. काल शाळेच्या सुपरिंटेंडेंटचा फोन आला होता. बोर्ड पुढच्या वर्षी माझं नाव घेणार नाही.” तो चौकटीला टेकला. “डिट्झ कोच बावीस वर्षं टिकले म्हणतात. कसे?”

“मला नाही सांगता येणार.”

“मला वाटतं, कुणीतरी त्यांना राहा म्हणत असेल. मला दोन वर्षांत कुणी म्हटलं नाही.”

एमिलने टोपी काढली, पुन्हा घातली. “तू राहावंस असं मला वाटत होतं. पोरं तुझ्याकडे बघून सरळ उभी राहतात. मी ग्रंथालयाच्या खिडकीतून पाहायचो.”

“हे आत्ता सांगताय, सर?” ब्रॉडी म्हणाला. आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते एमिलला जास्त लागलं.

घरी येऊन त्याने टोपीसुद्धा न काढता लिहिलं. ‘लीरॉय, पाटी मी उपटली. तिन्ही वेळा. थट्टा समजून उपटली, आणि त्यामुळे तुझं मानाने जाणं हुकलं. ते मला भरून देता येणार नाही. पण खरी आहे हे कळलं असतं, तरीही मी ती उपटली असती. तुम्ही दोघांनी जाऊ नये असं मला वाटत होतं, आणि ते तोंडाने सांगायची माझी छाती झाली नाही. आर्डिथला सांग, तिने बरोबर ओळखलं होतं.’

त्याने ते पुन्हा वाचलं नाही. वाचलं असतं तर तेही शेगडीत गेलं असतं.

“अगं बाई! एमिल व्होसिका आणि पत्र?” पोस्टातली वेल्डा खिडकीआडून म्हणाली. “कोण आहे ती भाग्यवान?” तिने चष्मा चढवून पत्ता वाचला, आणि तिचा चेहरा बदलला. “एमिल... तुला कुणी सांगितलं नाही? आर्डिथ गेली. ऑक्टोबरात. चर्चच्या पत्रकात आलं होतं.”

“मी पत्रक नाही वाचत.”

“बाकी सगळं वाचतोस मेल्या,” ती हळूच म्हणाली. “आण इकडे, दुसरं पाकीट देते. त्याच्या एकट्याच्या नावाने लिही.”

एमिलने पाकीट परत हातात घेतलं. वर दोघांची नावं होती, आणि आत शेवटची ओळ तिच्यासाठी होती. वेल्डाने खिडकीतून पेन पुढे केलं. त्याने ते घेतलं, टोक तिच्या नावावर नेलं, आणि तसाच उभा राहिला. मागे कुणीतरी पार्सल घेऊन खोळंबलं होतं. पत्र घरी नेलं तर ते पुन्हा या खिडकीपर्यंत यायचं नाही, हे त्याला स्वतःबद्दल पक्कं ठाऊक होतं.

“असू दे दोघांचं,” तो म्हणाला.

वेल्डाने पाकिटावर शिक्का मारला आणि ते पिशवीत टाकलं.