ओळंब्याबाहेरची भिंत

ओळंबा यांना त्या जगातून कायमचे हद्दपार करण्यात आले.

असे काही झालेलेच नाही. निदान त्यांच्या घरात तरी झालेले नाही. तिथे ते आजही सकाळी आंघोळ करून, चष्मा पुसून, मुलीने दिलेल्या संगणकासमोर बसतात, आणि पडद्यावर ‘प्रवेश नाही’ असे उमटले की म्हणतात, "आज गर्दी दिसते."

ओळंबा हे अर्थातच त्यांचे पाळण्यातले नाव नव्हे. दोरीला बांधलेला लोखंडी लट्टू, म्हणजे ओळंबा, खिशात ठेवून त्यांनी जन्मभर गवंडीकाम केले. भिंत दिसली की ती सरळ आहे का ते बघायला लट्टू सोडायचा. दवाखान्यात गेले तर डॉक्टर यांची नाडी बघायचे आणि हे दवाखान्याची भिंत बघायचे. मग दोघेही मान हलवायचे.

गुडघे गेले तसे काम सुटले. बायको त्याआधीच गेली होती. मुलगी नोकरीसाठी लांब राहायची. फोनवर बापलेकीचे बोलणे असे :

"जेवलास?"

"जेवलो. तू?"

"जेवले."

त्यानंतर दोघे थोडा वेळ एकमेकांचा पंखा ऐकायचे.

म्हणून मुलीने त्यांना त्या खेळात आणले. खेळ म्हणजे पडद्यावरचे एक भलेमोठे गाव. कुठून कुठून माणसे येऊन तिथे चौकोनी ठोकळ्यांची घरे बांधतात. येताना कोणतेही रूप घेता येते. ओळंबा यांच्याकडून पहिल्याच दिवशी चुकून कोंबडीवर बोट पडले, आणि रूप बदलता येते हे त्यांना कोणी सांगितले नाही. पण विटा रचता रचता दोघे बोलू लागले. तिचा साहेब, तिची पाठदुखी, तिच्या घरमालकिणीचा कुत्रा. आई सोडून सगळे विषय निघाले.

आणि मग गावात नासधूस सुरू झाली.

नासधूस तिथे नवी नव्हती. कोणी आग लावी, कोणी दुसऱ्याच्या दिवाणखान्यात तळे सोडी. त्यासाठी नियम होते, शिक्षा होत्या. पण या वेळची तक्रार कोणत्याच नियमात बसेना. चोरीला काही गेले नव्हते, जळले काही नव्हते. लोक सकाळी येऊन बघत, तर त्यांचे घर सरळ झालेले असे. एकाचा झुकता मनोरा शाळेतल्या शिक्षा झालेल्या पोरासारखा ताठ उभा होता. एका बाईंनी हौसेने बांधलेले भुताचे घर सरकारी कचेरीसारखे दिसत होते.

सभा भरली. गावाचा कारभार ‘चिडका ढग’ असे नाव घेतलेल्या इसमाकडे होता.

"आधी हे ठरवा," तो म्हणाला, "हे नुकसान आहे की दुरुस्ती?"



"माझ्या भुताला आता तिथे करमत नाही," भुताच्या घरवाल्या बाई म्हणाल्या. "एवढंच मला कळतं."

शेवटी ते नुकसान ठरले, आणि पहारे लावले गेले. "बाबा, तूही एक कोपरा सांभाळ," मुलगी म्हणाली. "कोणीतरी विकृत माणूस आहे."

"हात मोडले पाहिजेत त्याचे," कोंबडी म्हणाली.

हे ओळंबा अगदी मनापासून म्हणाले. नासधूस करणारा मोडतो. आपण नीट करतो. जाता जाता कोणाचा टपकता नळ दिसला तर माणूस बंद करतो, त्याची दवंडी पिटत नाही. त्यामुळे तो विकृत माणूस आणि आपण यांची त्यांच्या डोक्यात कधी गाठच पडली नाही.

पहाऱ्यावर असताना त्यांना गावाच्या टोकाला एक छोटे घर दिसले. त्याच्या एका भिंतीचा प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा जरासा पुढे आलेला. इतकी वाकडी भिंत त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिली नव्हती. त्या विकृताचेच काम, त्यांना वाटले. घरमालकाची दया येऊन त्यांनी भिंत उतरवली आणि पुन्हा चढवायला घेतली. वरचा थर तेवढा राहिला होता, तेव्हा चिडका ढग आला.

"काका, काय चाललंय?"

"पहारा."

"चोचीत वीट आहे तुमच्या."

"मग काय, रिकाम्या चोचीनं पहारा देऊ?"

गावाने मतदान करून त्यांना हद्दपार केले. संध्याकाळी मुलीचा फोन आला. या वेळी पंखा आधीच ऐकू आला.

"बाबा, ते घर मी बांधलं होतं."

"तू? अशी भिंत? मी शिकवलं तुला हे?"

"आपलं स्वयंपाकघर आहे ते. आईचं. ओट्याशेजारची खिडकीसुद्धा ओळखली नाहीस?"

"खिडकी तिरकी होती. ती पण नीट केली." मग त्यांनी वळून ओट्याकडे पाहिले. "आपली भिंत कुठं वाकडी आहे?"

"लाव ओळंबा. बघ."

जगाच्या भिंतींना लट्टू लावला, पण स्वतःच्या स्वयंपाकघरात त्यांनी तो कधी सोडला नव्हता. फळीवरचे डबे सरकायचे, तेव्हा ते डब्यांना बोलायचे. फळीसुद्धा एकदा बदलली होती. आता ते स्टुलावर चढले आणि वरून दोरी सोडली. लट्टू खाली भिंतीलगत यायला हवा होता. तो भिंतीपासून चांगला चार बोटे लांब, हवेत, हळूहळू डोलायचा थांबला.

ती भिंत नवरा-बायको दोघांनीच बांधली होती, सुट्टीच्या दिवशी. थर ओळीत यावा म्हणून सूत ताणतात, त्याचे दुसरे टोक बायकोच्या हातात होते, आणि ती हसत होती. कशाला, ते त्यांना आठवेना. सूत हलत होते. ‘हलू नकोस’ म्हटले की ती आणखी हसायची.

"मी परत बांधून बघितलं," फोनमधून मुलगी म्हणाली. "वाकडी होते रे. तशी होत नाही."

"मतदानात तू काय केलंस?"

"हात वर केला. सगळ्यांनी केला. मग कळेना, कशाला केला."

"बरं केलंस," ओळंबा म्हणाले. आपण असे का म्हणालो, ते त्यांनाही कळले नाही.

मग स्टुलावर बसूनच त्यांनी मजकूर सांगितला आणि तिकडे मुलीने तो टंकला :

मा. चिडका ढग यांस,

विषय : सरळ केलेली भिंत पूर्ववत वाकडी करण्यास परवानगी मिळणेबाबत.

महोदय, उपरोक्त विषयी विनंती करण्यात येते की, अर्जदारास एक दिवसाकरिता, कोंबडीच्याच रूपात, गावात प्रवेश देण्यात यावा. सुताचे दुसरे टोक धरण्याकरिता एक व्यक्ती गावातर्फे पुरविण्यात यावी. सदर व्यक्ती हसणारी असावी. काम चालू असताना तिला ‘हलू नकोस’ असे सांगितले जाणार नाही.