मोहिमेची तिसरी गाडी

डॉक्टरांनी गाडी आणली ती ट्रकवर टाकून, ताडपत्रीत गुंडाळून. टायर नव्हते, काचा नव्हत्या, बोनेट भलत्याच गाडीचं होतं. मिस्त्रीनं ताडपत्री ओढून काढली, एक चक्कर मारली आणि म्हणाला, "हिच्यात शिल्लक काय आहे ते तुम्ही सांगा, म्हणजे दुरुस्त काय करायचं ते मी सांगतो."

डॉक्टर म्हणजे दातांचे डॉक्टर. दवाखाना बंद करून सहा वर्षं झाली होती, आणि आता ते लोकांच्या दाढा सोडून जुन्या गाड्यांच्या मागे लागले होते.

"विकणारा म्हणतो, ही मोहिमेची तिसरी गाडी आहे," ते म्हणाले.

मिस्त्री ताडपत्रीची घडी घालत होता. ती अर्धवटच राहिली.

चौतीस वर्षांपूर्वी वाळवंट ओलांडायला एक मोहीम निघाली होती. तीन गाड्या गेल्या, दोन परत आल्या. तिसरी एका घळीत कोसळली. दोन शास्त्रज्ञ आणि ड्रायव्हर जागच्या जागी गेले. ड्रायव्हर म्हणजे मिस्त्रीच्या थोरल्या बहिणीचा नवरा. चौकशीच्या अहवालात लिहिलं होतं: वाट रुंद, वेळ दुपारची, ब्रेक शाबूत, चालकाला डुलकी लागली असावी. दोन महिन्यांत त्यातलं 'असावी' गळून पडलं आणि 'डुलकी' तेवढी राहिली.

त्या तिन्ही गाड्या ज्या वर्कशॉपात तयार झाल्या, तिथे मिस्त्री तेव्हा वेल्डर होता. वय सव्वीस.

"म्हणून तर तुमच्याकडे आलो," डॉक्टर म्हणाले. "बाजारात आत्तापर्यंत चार तिसऱ्या गाड्या निघाल्यात."

"चार? म्हणजे घळीत पडून ती व्यायली म्हणायची!" मिस्त्री म्हणाला, पण हसला नाही.

पुढचे आठ दिवस त्यानं रंग खरवडला. वर हिरवा, त्याखाली पांढरा, आणि त्याखाली मोहिमेचा नारिंगी. डॅशबोर्डवर होकायंत्राची चार भोकं होती. छताला पाण्याचे कॅन बांधायचे हूक होते, त्यातले दोन वाकलेले. मूल्यांकन करणाऱ्या बाई येऊन सगळं बघून गेल्या. कोरडं बोलणाऱ्या बाई होत्या. म्हणाल्या, "रंग कुणीही मारतो, भोकंही कुणी पाडेल. चॅसीवरचा नंबरसुद्धा ठोकता येतो. खोटी करता येणार नाही अशी एक खूण दाखवा. ती मिळाली तर किंमत दहापट, नाहीतर भंगाराचा भाव."

अशी खूण होती, आणि ती मिस्त्रीला पहिल्या दिवसापासून आठवत होती. तिसऱ्या गाडीला डिझेलची जादा टाकी बसवायची, तर स्टिअरिंगचा बॉक्स तीन बोटं पुढे सरकवावा लागला होता. तो बॉक्स धरून ठेवायला चॅसीवर नवा ब्रॅकेट वेल्ड केला होता तो मिस्त्रीनंच. वर्कशॉपात प्रत्येक वेल्डरची आपापली खूण असे. मिस्त्रीची खूण म्हणजे जोडाशेजारी पंचनं ठोकलेली तीन टिंबं. ही गोष्ट कुठल्या कागदावर नव्हती. तिथे हात घालायचं तो आठ दिवस टाळत होता, इतकंच.

नवव्या दिवशी तो गाडीखाली शिरला. डॉक्टरांनी खिशातून दात बघायचा छोटा आरसा काढून पुढे केला.

"हातच्या कांकणाला आरसा कशाला, डॉक्टर?"

पण जागा अडचणीची होती, डोकं आत जाईना. शेवटी त्यानं आरसा घेतला. आरशात आधी टिंबं दिसली. एक, दोन, तीन. मग त्यानं आरसा जरासा तिरका केला.

ब्रॅकेट जोडावरच तुटून लोंबत होता.

"सापडली का खूण?" बाहेरून डॉक्टरांनी विचारलं.

"सापडली. गाडी खरी आहे."

"आणि ते काय तुटलंय?"

"ब्रॅकेट."

"आदळल्यावर तुटला असणार."

मिस्त्रीनं तुटलेल्या कडेवरून बोट फिरवलं. आपटून तुटलेलं लोखंड फाटतं, खरबरीत होतं. इथे जोडाचा तीन चतुर्थांश भाग घासून घासून काचेसारखा गुळगुळीत झालेला होता. म्हणजे चीर कित्येक दिवस आधीच पडली होती आणि दर खड्ड्याला दोन्ही कडा एकमेकींवर घासत होत्या. शेवटी बोटभर जागेनं धरून ठेवलं होतं, ती जागा त्या घळीच्या वळणावर सुटली. जोडाच्या पोटात बुडबुड्यांची बारीक भोकं होती. शिळ्या पावासारखी.

ती भोकं कशानं पडली तेही त्याला माहीत होतं. शेवटच्या दिवशी वेल्डिंगच्या कांड्या दमट निघाल्या होत्या. ठिणगी तडतडत होती, जोड फसफसत होता. कोरड्या कांड्या दुसऱ्या दिवशी येणार होत्या. त्यानं जोड वरून घासून साफ केला, रंग फासला आणि ठरवलं, उद्या सकाळी कापून नव्यानं करू. तेवढ्यात भावोजी आले होते, नवे बूट घालून, मजेत.

"खिळ्या, झालं ना रे?"

"झालं, भावोजी."

सकाळी तो पोचला तेव्हा गाड्या निघून गेल्या होत्या.

झाकली मूठ सव्वा लाखाची. गाडी खरी ठरली होती, डॉक्टर खूश होते. ते म्हणालेही, "आता नवा जोड मारून टाका, कोण बघतंय!" मिस्त्रीनं तोंडावर ढाल धरली, कांडी होल्डरला लावली आणि तसाच उभा राहिला. मग मेन स्विच बंद करून घरी गेला.

ताई त्याच्याकडेच राहायची. नवरा गेल्यावर तीन वर्षांच्या मुलीला घेऊन आली ती इथेच राहिली. मुलगी मोठी होऊन लग्न करून गेली. ताई स्वयंपाकघरात भाजी चिरत होती.

"इतक्या लवकर? तब्येत बरी ना?"

तो समोर पाटावर बसला आणि एका दमात सगळं सांगितलं. ताईचा हात विळीवर मध्येच थांबला.

"तुला कधीपासून माहीत आहे?" तिनं विचारलं.

"तुटला हे आज कळलं."

"ते नाही विचारलं मी."

"जोड कच्चा होता हे... तेव्हापासून."

"आणि अहवाल आला तेव्हा?"

"वाटलं, एवढी शिकलेली माणसं म्हणतायत झोप, तर झोपच असेल."

"वाटलं, की बरं वाटलं?"

त्यानं पाटाजवळ पडलेलं भाजीचं देठ उचललं.

"त्यातल्या एका शास्त्रज्ञाची आई दारात येऊन मला म्हणाली, तुझ्या नवऱ्याच्या झोपेनं माझा मुलगा खाल्ला. मी तिच्या पाया पडले. तू मागे उभा होतास, खिळ्या. पोरगी शाळेत शिरली की मुलं घोरायची. रडत घरी आली की तूच तिला खाऊ आणून द्यायचास. आणि मी त्यांचा फोटो ट्रंकेच्या तळाशी घातला. चौतीस वर्षं मनातल्या मनात भांडले त्यांच्याशी, की एवढी कसली हो झोप, घरी बायकोपोर असताना."

आवाज चढला नव्हता. तिनं विळी मिटली, हात धुतले. "दाखव मला ती गाडी."

शेडमध्ये डॉक्टर होते. ताईला बघून ते उठून बाजूला झाले. गाडीला सीट नव्हती, म्हणून मिस्त्रीनं तेलाचा रिकामा डबा ठेवला. ताई त्यावर बसली. तिनं दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि ते फिरवलं. ते गरगर फिरलं. पुढची चाकं जागची हलली नाहीत.

"असं झालं होतं?"

"हो."

"किती वेळ?"

"ताई, कशाला..."

"किती वेळ, विचारलं मी."

"पाचसहा सेकंद."

"कळलं असेल त्यांना?"

मिस्त्रीनं बंपरला धरलं. "कळलं असणार. ते चाक फिरवत होते आणि गाडी वळत नव्हती."

"म्हणजे जागे होते," ताई म्हणाली. अजून एकदा तिनं ते चाक फिरवलं. मग उतरली. "हे सगळं लिही. कांड्या दमट होत्या, तुला माहीत होतं, तू झालं म्हणालास, तेसुद्धा. खाली सही कर."

त्यानं लिहिलं. चार पानं झाली. मूल्यांकनवाल्या बाईंनी ती उभ्याउभ्याच वाचली, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "तुम्हाला हे आवडणार नाही, पण यानं किंमत आणखी वाढली. ब्रॅकेटला हात लावू नका, आहे तसाच राहू दे." डॉक्टर ओशाळले. एक प्रत मोहीम काढणाऱ्या संस्थेकडे गेली. दीड महिन्यानं दोन ओळींचं उत्तर आलं: चौकशी समितीचे सदस्य आता हयात नाहीत, सबब नोंदीत बदल करता येत नाही. ताईनं ते पत्र घडी करून पर्समध्ये ठेवलं.

त्याच आठवड्यात ती मुलीकडे राहायला गेली. जाताना भांडली नाही, काही नाही. फोटो तेवढा हातात धरून गेली. मिस्त्रीनं गाडीचं इंजिन उतरवून बांधलं, गिअरबॉक्स केला, वायरिंग केलं. वेल्डिंगचं काम मात्र डॉक्टरांना दुसऱ्याकडून करून घ्यावं लागलं.

ताईचं उरलेलं सामान न्यायला भाची आली ती दोन महिन्यांनी. दोन पेट्या आणि एक शिवणयंत्र. मिस्त्रीनं पाणी पुढे केलं, ते तिनं घेतलं नाही. यंत्र रिक्षात चढवायला त्यानं हात लावला, तेव्हा मात्र नको म्हणाली नाही. एका बाजूनं ती, दुसऱ्या बाजूनं तो.

रिक्षात बसल्यावर ती रस्त्याकडे बघत म्हणाली, "मामा, आईनं विचारलंय, जेवणाचं काय करतोस?"

"करतो काहीतरी. वरणभात जमतो मला."

"बरं. सांगते तिला."

रिक्षा सुरू झाली. मिस्त्री फाटकापाशी उभा राहिला, ती कोपऱ्यावर वळेपर्यंत.