पंचवीस वाजून चाळीस मिनिटे

मी एक जुना रकाना आहे, मित्रांनो. वेळेचा रकाना. तुमच्या वहीत डावीकडे तारखेची जागा असते ना, तसा मी एका भल्यामोठ्या तक्त्याच्या डावीकडे उभा असतो. हा तक्ता कॉम्प्युटरमध्ये आहे, त्यामुळे मला ना धूळ लागते ना वाळवी. तरी माझी वाताहत झालीच, आणि तीही एका मायाळू हाताने.

माझा जन्म पंपघरासाठी झाला. शहराचा खालचा भाग खोलगट. पाऊस लागला की तिथले पाणी उपसून कालव्यात टाकायला तीन पंप होते. पंपवाल्याने दर अर्ध्या तासाने वेळ टाइप करायची, शेजारी पाण्याची पातळी, आणि काही घडले असेल तर पुढे एक ओळ. ते सगळे तारेतून मुख्य ऑफिसात माझ्या तक्त्यात येऊन पडायचे. अशी आठ वर्षे मी भरत राहिलो.

खरे सांगतो, मी दिसायला गबाळा होतो. कोणी मध्ये टिंब द्यायचा, कोणी आडवी रेघ. कोणी दिवस आधी लिहायचा, कोणी महिना. एक जण तर आकड्यांच्या भानगडीत न पडता 'सव्वादहा' असे अक्षरांत लिहून मोकळा व्हायचा. रात्रपाळीची तऱ्हा आणखी निराळी. ती पाळी रात्री दहाला सुरू होऊन सकाळी सहाला संपायची. मध्येच तारीख बदलली की एका पाळीचे दोन तुकडे होतात, म्हणून ही माणसे रात्री बारानंतर पुन्हा शून्यावर येतच नसत, चोवीसच्या पुढेच मोजत. बारा वाजून दहा मिनिटांना 24:10, एक वाजून दहा मिनिटांना 25:10. पंपघरात हे सगळ्यांना कळायचे. पंपघराबाहेर ते सांगावे असे कोणाच्या मनातही आले नाही.

रात्रपाळीला एक वयस्कर पंपवाला होता. एका बोटाने टाइप करायचा, पण त्याची नोंद कधी चुकली नाही. त्याची मुलगी मुख्य ऑफिसात लागली. तक्ते साफ करणे हे तिचे काम. बापाने भरायचे आणि लेकीने आवरायचे, याची मला फार मौज वाटे.

मग तो पाऊस आला. 25:40 ला पंपवाल्याने लिहिले, 'दोन नंबरचा पंप बंद. ऑफिसला तीनदा फोन केला, कोणी उचलत नाही.' पुढे 26:10, 26:40. प्रत्येक ओळीत पाणी चढत होते आणि प्रत्येक ओळीत न उचललेला फोन होता. सकाळी खालच्या गल्लीतला शिंपी आपल्या दुकानात मेलेला सापडला. पंपवाल्याचे सदरे तोच शिवायचा.

आठवडा गेला. अजून कोणी कोणाला दोष दिला नव्हता. वर्षाच्या अहवालासाठी मला साफ करायचे ठरले आणि मुलीने काम हाती घेतले. तक्ते हाताळायला तयार आज्ञांचा एक संच असतो, त्याला लायब्ररी म्हणतात. पुस्तके नसतात त्यात. तिने टिंबे, रेघा, अक्षरे एका साच्यात आणली. दिवस आधी की महिना, ते पाण्याच्या पातळीवरून ताडले. किती नीटनेटका झालो मी. मग तिने आज्ञा दिली, जी वेळ कळणार नाही तिथे रिकामे सोड. त्यानंतर दुसरी, रिकाम्या वेळांच्या ओळी काढून टाक. लायब्ररीच्या हिशेबी दिवसाला पंचविसावा तास नसतो. पस्तीस हजार ओळी गेल्या.

"एवढा कचरा?" शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारले.

"रात्रीची माणसं पेंगत टाइप करतात हो. निघणारच," ती म्हणाली, आणि त्याच नावाने, जुन्या तक्त्यावरच, मला जपून ठेवले. दर रविवारी खबरदारी म्हणून माझी एक नक्कल निघायची; त्या रविवारची नक्कल जुन्या नकलेवर बसली आणि तीही पुसली गेली. साहेबांनी तिची पाठ थोपटली. मीही फुशारलो, मित्रांनो. लाज वाटते सांगताना.

महिन्याने चौकशी लागली. अधिकाऱ्याने मला उघडले, त्या तारखेवर आला आणि म्हणाला, "रात्री अकरा चाळीसनंतर सकाळी सहा दहापर्यंत एकही नोंद नाही. सरळ आहे, झोपला होता."

त्या संध्याकाळी घरी मुलीने वडिलांना विचारले, तेव्हा त्यांनी तिला पंचवीस, सव्वीस बोटांवर मोजून दाखवले. दुसऱ्या दिवशी ती अधिकाऱ्यापुढे उभी राहिली. "साहेब, नोंदी होत्या. माझ्या हातून पुसल्या गेल्या."

"बारानंतर पुढे मोजायची पद्धत असेल, मान्य," तो म्हणाला. "पण त्या रात्री काय लिहिलं होतं, याला पुरावा? आणि वडील तुमचे, पुसलं तुम्हीच. मी काय समजायचं?"

फोनच्या नोंदी इतके दिवस ठेवत नाहीत, असे ऑफिसने कळवले. पंपवाल्याला काढून टाकले. शिंप्याच्या बायकोने त्याच्यासाठी दार उघडले नाही. शेवटच्या दिवशी तो पंपघराची किल्ली जमा करायला मुख्य ऑफिसात आला, तेव्हा मुलगी माझ्यासमोरच बसलेली होती.

"बाबा, एकदा विचारायला हवं होतं मी तुम्हाला."

"मी तरी कुठे सांगितलं," तो म्हणाला. "तू घरी चल आता."

मित्रांनो, साफसफाई जरूर करा. पण आधी मूळ जसेच्या तसे बाजूला ठेवा, आणि जे कळत नाही ते फेकण्याआधी लिहिणाऱ्याला विचारा. माझ्यासाठी आता याचा काही उपयोग नाही. त्या ओळी मला तोंडपाठ आहेत, पण रकान्याला तोंड नसते. मुलगी अजून रोज मला उघडते. अकरा चाळीसच्या ओळीवर थांबते, खालच्या सहा दहाच्या ओळीकडे बघते आणि मला बंद करते.