चौदा इंची मॉनिटर

आमच्या थोरल्याला एक वाईट खोड आहे. घरात कोणी खोकलं तर हा पाणी देणार नाही, पाण्याचा फिल्टर उघडून बसेल. त्याचे वडील गेल्या वर्षापासून माणसं विसरायला लागले. आधी शेजारी, मग जावई, मग सून. आता थोरल्याकडे बघूनही परक्यासारखं हसतात. अशा वेळी पोरानं बापाजवळ घडीभर टेकावं की नाही? तर हा जुन्या कंप्युटरची दुकानं पालथी घालत हिंडतोय.

खूळ शिरलं डॉक्टरांमुळे. ते म्हणाले, ओळखीच्या वस्तू समोर ठेवा, कधीकधी फरक पडतो. झालं! आमच्या यांची सगळी हयात छापखान्यात हँडबिलं आणि पावतीपुस्तकं जुळवण्यात गेली, शेवटी शेवटी कंप्युटरवर. छापखाना बंद झाला तेव्हा तो कंप्युटर घरी आला, आणि पुढे कधीतरी मोडीत गेला. तस्साच पुन्हा जुळवायचा, असं थोरल्यानं मनात घेतलं. कंप्युटर ओळखला की बाबा मलाही ओळखतील, असा त्याचा हिशेब.

"जुन्याला तरी ओळखतील कशावरून?" सून म्हणाली.

"तू गप्प बस गं. तुला काय कळतंय त्यातलं?"

ती तणतणत आत गेली. सुनेचं नि माझं फारसं जमत नाही, पण त्या दिवशी तिचं काही चुकलं नव्हतं.

पुढे घरात पाय ठेवायला जागा उरली नाही. जेवायच्या टेबलावर पिवळट पडलेलं कॅबिनेट, माझ्या साड्यांच्या कपाटात मदरबोर्ड, शिवणाच्या डब्यात स्क्रू. कुठल्याशा फ्लॉपीतून त्यानं छापखान्यातली मराठी अक्षरंसुद्धा पैदा केली. राहिला मॉनिटर. तेव्हा आईची आठवण झाली.

"आई, तू चल. तो तूच पुसायचीस ना रोज? तुलाच ओळखता येईल."

दुकानदार तोंडाचा गोड होता. पाठीमागे पोट सुटलेले तीन मॉनिटर त्यानं ओळीनं लावले आणि चालू केले.

"काकू, लगेच पसंती सांगू नका. तापू द्या जरा. गार असताना सगळेच चांगले दिसतात."

"जावई बघतानाही हेच सांगायला हवं होतं कोणीतरी," मी म्हटलं.

तापल्यावर एकाचा पडदा गुलाबी पडला. दुसरा सतरा इंची, अक्षरं कशी कोरल्यासारखी. थोरला त्याच्यावरच भाळला.

"हा घेऊ या आई. काच बघ किती सपाट आहे. साउंड कार्डही मिळतंय याच्याबरोबर. त्या काळातलं सगळ्यात भारी!"

"तुझ्या बापाच्या कंप्युटरला कंठ कधी फुटला होता रे? हा तुझ्या मित्राच्या घरचा. तिथे गेम खेळायला पळायचास, तो. आपला असा नव्हता."

तो गोरामोरा झाला. मी तिसरा दाखवला. चौदा इंची, फुगीर काचेचा, चित्र डावीकडे सरकलेलं.

"अगं, हा तर बिघडलेला आहे."

"आपलाही असाच होता. मुकाट्यानं हा उचल."

रविवारी सगळं जोडून झालं. यांना दंडाला धरून खुर्चीत बसवलं. थोरला टेबलाच्या मागे, वायरींच्या गुंत्यात शिरलेला. टिक्क झालं आणि काच उजळली. यांनी हाताची उलटी बाजू हळूच काचेजवळ नेली. काच तडतडली, हातावरचे पांढरे केस उभे राहिले. आणि हे हसले! ते हसू मला कितीतरी दिवसांनी ओळखीचं वाटलं. मग बोटं आपसूक चालायला लागली. पडद्यावर अक्षरं उमटली : पावती क्रमांक. सून दारात येऊन उभी होती, तिनं तोंडावर हात ठेवला.

थोरला मागून धडपडत उठला. डोळे भरलेले. "बाबा! ओळखलंत?"

यांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "हो तर! आमच्या छापखान्यातला कंप्युटर हा. छान दुरुस्त केलात हो मिस्त्री. चहा घेतल्याशिवाय जाऊ नका."

पोटच्या पोराला अहो-जाहो! सून आत वळली. थोरला पुन्हा वाकून मागची वायर ओढायला लागला.

"मॉनिटर चुकला, आई. रंग जरा वेगळा आहे. कीबोर्डपण तो नाही. मी दुसरा बघतो, आत्ता जातो..."

हे बिचारे दुसरी ओळ लिहीत होते. मी थोरल्याचं मनगट धरलं.

"सोड ती वायर. काही चुकलेलं नाही. त्यांनी त्यांचं काम ओळखलं, तुला नाही ओळखलं. आणि यापुढे ओळखतील असं मला वाटत नाही, ऐकतोयस ना? मिस्त्री म्हणाले, तर मिस्त्री हो. पण हे असं मागे दडून बसायचं नाही. उद्या सकाळपासून त्यांची दाढी तू करायचीस, समोर बसून. नाव गेलं तर गेलं. तुझ्या हाताची तरी सवय होऊ दे त्यांना."