जाऊबाईंनी टाकलेला फोटो

हिंदी मुलखातल्या घमापुरात राहणाऱ्या पुष्पाकाकूंनी अडुसष्टाव्या वर्षी मोबाईल शिकायचा क्लास लावला, तेव्हा गल्ली फिदीफिदी हसली. "हा कायचा म्हातारचळ!" म्हणणाऱ्यांत पहिल्या होत्या त्यांच्याच थोरल्या जाऊबाई, सत्यभामाबाई. भजनी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांचा शब्द म्हणजे ब्रह्मवाक्य. काकूंनी तर लग्न होऊन आल्यापासून त्यांच्यापुढे ब्र काढला नव्हता.

महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशी जाऊबाईंनी ग्रुपवर एका बाईचा फोटो टाकला. चुडीवाली बनून येते अन् पोरं पळवते, सावध राहा! झालं. दुपारी एक अनोळखी चुडीवाली टोपली घेऊन गल्लीत शिरली, तर लोकांनी तिला घेरलंच. टोपली हिसकावली, अर्ध्या बांगड्या रस्त्यावर फुटल्या. "मैंने क्या किया, दीदी?" बिचारी हात जोडून रडत होती. एक जण तर काठी घेऊन आला.

पण काकू गांगरून जाणाऱ्या नव्हेत! क्लासात शिकवलं होतं तसं त्यांनी दारात उभं राहून फोटो दोन बोटांनी मोठा केला. फोटोतल्या बाईमागच्या दुकानाची पाटी ना हिंदीत, ना मराठीत. मग तोच फोटो गूगलवर शोधला. निघाला कित्येक वर्षं जुना, दूर बंगालातल्या कुठल्याशा जत्रेतला.

पदर खोचून काकू गर्दीत घुसल्या. "सरका! काहून मारून राहिले तिले? हा फोटो इथला नाहीच, हे पाहा!"

"म्हणजे मी खोटं टाकलं?" गर्दीत उभ्या जाऊबाई कडाडल्या. "मोठ्यायले खोटं पाडून राहिली तू?"

काकूंची मान काही खाली गेली नाही. "हो ताई, खोटाच आहे तो. तुम्ही टाकला म्हणून तर साऱ्यायनं खरा मानला. माझं कोण ऐकते? आता तुम्हीच सांगा यायले."

जाऊबाईंनी फोन डोळ्यांशी धरला. पाटी पाहिली, मग चुडीवालीचा चेहरा पाहिला. फोटोतली बाई ही नव्हतीच. त्यांचा चेहरा उतरला.

"चूक माझी आहे," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "काठी टाक, भैया."

गर्दी पांगली. जाऊबाईंनी चुडीवालीला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं. सणाच्या बांगड्या आधी थोरलीनं भरायच्या, हा घरचा मान. त्यांनी काकूंचा हात धरून पुढे केला.

"पहले इसको पहनाओ," त्या म्हणाल्या, अन् स्वतः रस्त्यावर बसून फुटक्या काचा वेचू लागल्या.