फ्रिजला आलेला ताप

दादाच्या दोन खोल्यांच्या घरात पंचवीस माणसं कोंबली होती आणि सगळी फ्रिजकडे बघत होती. जिन्यावर आणखी रांग. एका बाईंच्या काखेत बंद पडलेला मिक्सर, एका गृहस्थांच्या हातात टीव्हीचा रिमोट. शीतलबाबा यंत्रांची बाधा काढतात, अशी गल्लीभर बोंब झाली होती.

प्रकार असा. फ्रिजच्या दारावर एरवी चार हा आकडा दिसायचा. परवा सकाळी तिथे एकोणचाळीस उगवला. "अगंबाई, ताप आला याला!" वहिनी म्हणाली, आणि माझ्या पदवीधर दादाने फ्रिजच्या दारावर गार पाण्याची पट्टी ठेवली. मग शीतलबाबा आले. दारावरच्या बटणांवर पंजा ठेवून पुटपुटले. टिंग! आकडा चारवर. ताप उतरला, पण तो आतल्या औषधात शिरला, असं त्यांनी निदान केलं. ते औषध म्हणजे माझ्या आईचं इन्सुलिन. सात दिवस ते टोचायचं नाही, त्याऐवजी बाबांनी मंतरलेला बर्फ चोखायचा.

आज सकाळी आईचा फोन आला. "अरे, घसा सारखा कोरडा पडतोय. गरगरतंयही." मी आणि बायको हातातलं काम टाकून धावलो. बायको लसीकरण केंद्रात नर्स आहे. लसींच्या फ्रिजचं तापमान बघणं हे तिचं रोजचं काम. आम्ही पोचलो तेव्हा आकडा पुन्हा एकोणचाळीस झाला होता आणि बाबा रंगात आले होते.

"या घराची एकोणचाळीस पापं उसळली आहेत! पस्तीस जाळून टाकतो. चार राहू देतो, संसाराला लागतात."

"बाबा, जरा थांबा," म्हणत बायकोने सरळ फ्रिजचं दार उघडलं.

"उघडू नका! पापं बाहेर येतील!"

पुढची रांग मागच्या रांगेच्या पायांवर चढली. बायकोने काल रात्रीपासून आत असलेली पाण्याची बाटली काढली आणि तिच्यात लसींच्या फ्रिजसाठीचा, पर्समधला थर्मामीटर बुडवला. थोड्या वेळाने तो दादापुढे धरला.

"भावोजी, वाचा."

"चार."

"आणि दारावर?"

"एकोणचाळीस."

"बाबांनी आज अजून हात लावलाय का?"

दादाने नकारार्थी मान हलवली.

तिने दारावरचं प्लास्टिक टरकन ओढलं. तीन वर्षं वहिनीने ते जिवापाड जपलं होतं. त्यावरच्या कंपनीच्या स्टिकरखाली आकड्याशेजारचं बारीक अक्षर झाकलं गेलं होतं: फॅरनहाइटचं.

"थंडावा तोच, मोजायच्या पद्धती दोन. सेल्सिअसमध्ये चार, फॅरनहाइटमध्ये एकोणचाळीस. ही दोन बटणं तीन सेकंद एकदम दाबली की पद्धत बदलते." टिंग! "पापं गेली." टिंग! "आली."

"पण मी तर बटणांना हातही लावत नाही," वहिनी कळवळली. "रोज फडक्याने खसाखसा पुसते तेवढंच."

"तेच ते, वहिनी."

रिमोटवाले गृहस्थ इतका वेळ बाबांना निरखत होते. "अहो, हा तर फ्रिजच्या दुकानात गिऱ्हाइकांना बटणं दाबून दाखवायचा!"

एका वॉशिंग मशीनला झटके येत असल्याचं बाबांना एकदम आठवलं. ते दोन-दोन पायऱ्या गाळत जिना उतरले.

आईची साखर भलतीच वाढली होती. बायकोने डॉक्टरांना फोन केला आणि ते म्हणाले तेवढं इन्सुलिन दिलं, त्याच फ्रिजमधलं. आईने दंड पुढे केला. मला दादाचा संताप आला होता, पण तो कोपऱ्यात डोळे पुसत होता, म्हणून त्याच्या हातात रुमाल दिला.

मंडळी, आकडा दिसला की तो कशाचा आहे हे आधी विचारा. माहितीपुस्तिका वाचा. तीही सापडत नसेल तर निदान दार उघडून आत हात घाला.

आईला मात्र दार न उघडताच कळलं, फक्त जरा उशिरा. संध्याकाळी तिनेच विचारलं, "काय रे, बाबांनी मंतरलेला तो बर्फ वहिनीने कुठून काढून दिला होता?"

त्याच तापलेल्या फ्रिजमधून.