मांडीभर चिखलातलं व्याख्यान

खाडी दाखवणारा वाटाड्या म्हणून माझी पहिलीच फेरी, आणि मी हौसेने सासूबाईंना बरोबर नेलं. घरी माझं कोणी ऐकत नाही. इथे माणसं तिकीट काढून ऐकणार होती, ते त्यांनी बघावं एवढीच इच्छा.

ओहोटी होती. नदीचं गोडं पाणी जिथे समुद्राला मिळतं, तिथला चिखल उघडा पडला होता. लाकडी पुलावरून मी बोलत सुटलो. तिवरांची मुळं श्वास घ्यायला वर कशी येतात, पानं मीठ बाहेर कसं टाकतात, सगळं सांगितलं. मग म्हणालो, "आता खेकडे बघू." बिळंच बिळं, खेकडा औषधालाही नाही.

"तुमचा आवाज ऐकून आत गेले असतील," सासूबाई म्हणाल्या.

आता दाखवूनच सोडतो, म्हणून मी पुलावरून खाली उतरलो. दुसऱ्याच पावलाला गुडघाभर रुतलो. पाय उपसायला गेलो, तर मांडीपर्यंत.

"हलू नका!" पलीकडे होडी रंगवत असलेला नावाडी ओरडला. "फळी आणतो. अन् बोलू पण नका!"

बोलण्याने माणूस आणखी रुततो का, हे विचारायचं होतं. पण गप्प बसलो. बायकोच्या मते इतका गप्प मी झोपेतही नसतो.

हळूच एका बिळातून दोन डोळे वर आले. मग शेजारच्या बिळातून. बघता बघता चिखलभर खेकडे झाले. नर आपली एकुलती एक मोठी नांगी उंचावून माद्यांना बोलावत होते. एक निवटी, म्हणजे परांवर चालणारा चिखलातला मासा, सरपटत आली आणि चिखलात टेकलेल्या माझ्या मनगटावर डोळे वटारून बसली. पुलावर सगळे श्वास रोखून बघत होते. माझ्या बोलण्याला असं भाग्य कधी लाभलं नाही.

"जावईबापू," सासूबाई कुजबुजल्या, "गप्प राहिलात की फार छान माहिती देता हो."

नावाड्याने मला फळीवर ओढून घेतलं. बूट खाडीने ठेवून घेतले. नळापाशी पाय धुताना सासूबाईंनी तांब्याने पाणी ओतलं.

"तो खेकडा तुमच्या पाठीमागे नांगी हलवत होता ना, त्याच्याकडे मादी आली ते पाहिलंत का?"

"नाही. माझी पाठ होती तिकडे."

"आली होती," त्या म्हणाल्या. "जरा थांबली, अन् शेजारच्याकडे गेली. बिचारा तरी हलवतच होता."